ओले पागोटे

कोणे एके काळी, म्हणजे अर्जाचा निकाल अर्जदाराच्या हयातीतच लागत असे त्या काळी, नदीकाठी एक नगर होते. त्या नगराची एक चांगली रीत होती. कुणाला मोठी इमारत बांधायची असली, तर त्याने आधी त्या जागी तेवढ्याच उंचीचे बांबू उभारायचे आणि त्यांवर चटया ताणायच्या. मग पाच पंचांनी येऊन ती चटयांची इमारत पाहायची, आणि कुणाचे ऊन, वारा, वाट अडत नसेल तरच मंजुरीचा शिक्का उठवायचा.

रीत चांगली होती. फक्त ती पंचांच्या हातात होती.

एकदा एका शेटजींनी चार मजली बाजार बांधण्यासाठी अर्ज केला. खाली दुकाने, वर कचेऱ्या. जागा होती रंगाऱ्यांच्या अंगणाला लागून, मावळतीच्या बाजूला. त्या अंगणात गल्लीतली सगळी रंगारी मंडळी रंगवलेले कापड वाळवत असत. ऊन गेले की धंदा गेला. म्हणून गल्लीतल्या सर्वांत थोर रंगारीणबाईंनी हरकत घेतली होती.

पाहणी भर दुपारी ठरली. वेळ शेटजींनीच सुचवली होती. थंडीचे दिवस होते, तरी पंच छत्र्या घेऊन आले. छत्री उन्हासाठी नसते, हुद्द्यासाठी असते, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते.

पंचांनी रंगाऱ्यांच्या अंगणात उभे राहून आपापल्या छत्रीखालून पाहणी केली. एकाने कमानी गोल असाव्यात असे सुचवले. दुसऱ्याने कोपऱ्यावरचे दुकान आपल्या मेव्हण्याला मिळेल का, असे केवळ माहितीसाठी विचारले. तिसरा इकडेतिकडे पाहून म्हणाला, "सावली पडते म्हणता, ती कुठे आहे? मला तर दिसत नाही."

"छत्रीत उभं राहून कशी दिसेल, दादा?" रंगारीणबाई म्हणाल्या. "आणि आत्ता ऊन डोक्यावर आहे. दिवस कलू द्या, मग बघा."

"दिवस कलेपर्यंत पंचांनी काय उपाशी बसायचं?" शेटजी म्हणाले. "उद्या सकाळी पायाभरणीचा मुहूर्त आहे. शिक्का आत्ताच होऊन जाऊ द्या."

मुख्य पंचांनी शिक्का बाहेर काढला. शेटजी आपली भलीमोठी छत्री त्यांच्या डोक्यावर धरायला अदबीने पुढे धावले. अदब जरा जास्त झाली. छत्रीच्या काडीत अडकून मुख्य पंचांचे पांढरेशुभ्र पागोटे उडाले, ते थेट कुसुंबी रंगाच्या हौदात.

कुणी हसले नाही. हसणाऱ्यांची घरे त्याच नगरात होती. उघड्या डोक्याने शिक्का उठवायचा नाही, असा नगराचा कडक नियम होता.

"माझं पागोटं घ्या," शेटजी घाईने म्हणाले.

"तुमचं पागोटं घालून शिक्का मारायला मी काय तुमचा कारकून आहे?" मुख्य पंच कडाडले.

रंगारीणबाईंनी पागोटे हौदातून बाहेर काढले. "धुऊन वाळवून देते. दिवे लागायच्या आत तुमच्या डोक्यावर असेल."

"आणि नसलं तर?" शेटजींनी डोळे बारीक केले.

बाईंची सून मागून कुजबुजली, "आत्याबाई, गप्प बसा." पण बाईंनी त्या अंगणात जन्म काढला होता.

"नसलं, तर मी हरकत मागे घेते."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" शेटजी म्हणाले, आणि पहिल्यांदाच निवांत बसले.

रंग निघता निघेना. पाण्यामागून पाणी बदलले, तेव्हा कुठे कापड पांढरे दिसू लागले. बाईंनी ते लांबलचक पागोटे पहिल्या दोरीवर पसरले. कापड जरा कुठे तापते आहे, तोच चटयांची सावली कुंपण ओलांडून दोरीवर आली.

बाईंनी आणि सुनेने पागोटे दुसऱ्या दोरीवर नेले. सावली तिथे आली. तिसऱ्या दोरीवर नेले. सावलीला घाई नव्हती, पण ती थांबतही नव्हती. गल्लीतली माणसे आपापली कामे टाकून भिंतीशी उभी राहिली. शेवटची दोरी भिंतीला लागून होती. तिच्यावर पागोटे पडले आणि थोड्याच वेळात त्याच्यावर सावली पडली.

पुढे दोरी नव्हती.

बाईंनी पागोटे हातात धरून पाहिले. ते गार आणि ओले होते. पंचही आता त्या सावलीत कुडकुडत होते. मुख्य पंचांना उघड्या डोक्याने तीन शिंका आल्या. छत्र्या केव्हाच मिटल्या होत्या.

"झालं!" शेटजी उठले. "बाईंनी हरकत मागे घेतली असं लिहून टाका. तसंही या अंगणात साधं पागोटं वाळत नाही. मग अंगण गेलं म्हणून बिघडलं काय?"

मुख्य पंचांनी नाक पुसले आणि अंगणभर नजर फिरवली. "काल वाळत होतं का हो, बाई?"

"महाराज, परवापर्यंत वाळत होतं. चटया काल लागल्या."

मुख्य पंच कुंपणापाशी जाऊन त्या चटयांसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "शेटजी, चटया उतरवा."

"आत्ता? अहो, बांधायला पुरा दिवस गेला! उतरवायलाही वेळ लागेल."

"चटया उतरवायला वेळ लागतो," मुख्य पंच म्हणाले. "मग इमारत उतरवायला किती लागेल?"

गल्लीतल्या पोरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ती सरसर बांबूंवर चढली आणि गाठी सोडू लागली. एकेक चटई खाली आली, तसे अडलेले ऊन आणि अडलेला वारा एकदमच अंगणात शिरले. पागोटे फडफडू लागले. सूर्य नदीपलीकडच्या झाडांना टेकला होता. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला सून, अशा दोघी ते उन्हात ताणून उभ्या राहिल्या.

नगरात पहिला दिवा लागायच्या जरा आधी मुख्य पंचांनी कोरडे पागोटे डोक्याला बांधले आणि अर्जावर शिक्का उठवला. नामंजुरीचा.

शेटजींचा बाजार पुढे नदीच्या वाळवंटालगत उभा राहिला. तिथे त्याची सावली वाळूवर पडे आणि वाळूची काही हरकत नसे. कमानी गोल होत्या. कोपऱ्यावरचे दुकान मेव्हण्याला मिळालेच. एका दिवसात सगळेच कसे सुधारेल? पण त्या दिवसापासून पाहणीला निघालेल्या पंचांना आपल्या छत्र्या घरीच ठेवाव्या लागत, आणि दिवस मावळेपर्यंत जागेवर बसावे लागे. मुख्य पंचांच्या पागोट्याच्या काठावर राहिलेला कुसुंबी डाग त्यांनी कधी काढू दिला नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या उन्हाचा निकाल द्यायचा असेल, तर आधी आपली छत्री मिटवावी.