बहात्तरशे फेऱ्या

"चोपन्नशे की बहात्तरशे, भंतेजी?"

वंदन करून प्रज्योत खोब्रागडे अजून नीट बसलाही नव्हता. तो चंद्रपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. भंते शीलरक्षित चीवर घेण्याआधी वीस वर्षं टीव्ही दुरुस्त करायचे, म्हणून तो विहारात आला होता. खरं तर उत्तर त्याने ठरवलंच होतं. त्याला फक्त मान डोलावणारं कोणीतरी हवं होतं.

"कशासाठी?"

"रविवारी अकराला आईची मुलाखत आहे टीव्हीवर. एकतीस वर्षं नर्स होती, नदीकाठच्या गावांत. लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचीय. हार्ड डिस्क नवी घेतोय. मिनिटाला बहात्तरशे फेऱ्यांची घ्यावी म्हणतो."

"मुलाखत केवढी?"

"एक तास."

"ती लॅपटॉपमध्ये यायला किती वेळ लागेल?"

"एक तासच."

"मग चोपन्नशेवाली पुरते, बाबू. गरमही कमी होते."

प्रज्योतला ते रुचलं नाही. "भंतेजी, तेवढ्या वेळात मला परीक्षेचे गुणही भरायचेत. दोन्ही कामं एकदम झाली की हळू डिस्क मागे पडते."

भंतेंनी समोरचा चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

"आई बोलत असताना...?"

प्रज्योतने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

त्याने चोपन्नशेवाली घेतली. रविवारी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि लॅपटॉपला हात न लावता आईशेजारी बसला. पडद्यावर आई सांगत होती: वैनगंगेला पूर होता. पलीकडे एक बाळंतीण अडली होती. कोणी डोंगा काढेना. लटारू नावाड्याने काढला. मधल्या धारेत डोंगा कलंडला, तेव्हा त्याने वेणीला धरून मला वर ओढलं...

"मला पाचवा महिना होता," पडद्यावरची आई म्हणाली.

प्रज्योत शेजारच्या आईकडे वळला. "म्हणजे... मी?"

"तूच."

"कधी बोलली नाहीस!"

"तू कधी बसलास?"

बुधवारी तो पुन्हा विहारात आला. या वेळी वंदनाला वाकला तो बराच वेळ उठलाच नाही.

"रेकॉर्डिंग कसं झालं?"

"एकदाही अडकलं नाही. काल लॅपटॉप घेऊन लटारूदादांच्या गावी गेलो. आईचे गुडघे दुखतात, ती येऊ शकली नाही. दादांना आता दिसत नाही. आईचा आवाज लागला, तसे ते लॅपटॉपजवळ सरकून बसले. पूर्ण तासभर ऐकलं. मी पाय धरले. सांगितलं, तो पोटातला पोरगा मीच."

"काय म्हणाले?"

"पुराचं एक अक्षर नाही. म्हणाले, 'नर्सबाईचा आवाज थकला जी. जेवते ना बराबर?' मग घरातले वाळवलेले मासे बांधून दिले, आईसाठी. आभार मानायला मी गेलो होतो, भंतेजी..."

बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं.

भंते उठले. खुंटीवरची झोळी त्यांनी खांद्याला लावली.

"चल. मलाही लटारूदादांपुढे बसायचंय."