राजाच्या पुढे पळणारी नदी

"थांबवा पालखी! ही नदी माझ्या पुढे जातेच कशी?"

उदाजीराजे पालखीतून अर्धे बाहेर लटकून ओरडले. गोदेच्या काठाकाठाने त्यांनी नवा राजमार्ग बांधला होता आणि त्यावर हुकूम एकच: राजाला मागे टाकून कुणी पुढे जायचं नाही! बैलगाड्या थांबल्या, वऱ्हाडं थांबली, एक नवरदेव तर घोड्यावर बसल्याबसल्या झोपला. पण शेजारची गोदा? ती पालखीला मागे टाकून खुशाल निघाली होती!

"प्रधानजी, शेवरगावच्या लोकांना जुंपा! नदीला आडवा बांध घाला. मी गेल्याशिवाय थेंबभर पाणी पुढे सरकता कामा नये!"

"जी महाराज!" प्रधान म्हणाला. त्याला तेवढंच येत होतं.

गाव हादरलं. बांध घातला की पाणी तुंबणार आणि नदीच्या वाळूत लावलेल्या टरबुजांच्या वाड्या बुडणार. सगळ्या गावाची भाकरी त्या वाळूत! ठकू भोईण आपल्या वाडीतून तरातरा वर आली, लुगड्याला हात पुसले आणि थेट पालखीपुढे उभी राहिली.

"ए, राजाच्या तोंडापुढे उभी राहतेस?" प्रधान खेकसला.

"मग काय पाठीशी बोलू? महाराज, हा चांदीच्या काठीवाला गडी तुमच्या पुढं चालतो. त्याला का नाही अडवत?"

"अगं वेडे, तो माझा चोपदार! मी येतोय ही वर्दी द्यायला तो पुढेच हवा!"

"मग गोदा तरी दुसरं काय करते? ऐका की, खडकावर कशी ललकारतेय!"

राजाने कान दिला. नदी खरंच गर्जत होती. राजा मिशीत सुखावला, पण हट्टी माणूस, इतक्यात कसला ऐकतो!

"चोपदार म्हणे! मी थांबलो तसा माझा चोपदारही थांबला. ही का थांबत नाही?"

"तिला थांबून कसं चालेल, महाराज? पुढल्या गावांना वेळेत सांगायला नको? 'राजे येताहेत गं बायांनो! कोंबड्या झाका, टरबुजं लपवा!'"

प्रधानाने डोळे मिटले. चोपदाराच्या हातची काठी निसटली. आणि राजा? राजा असा हसला, असा हसला, की पालखी हिंदकळून भोयांचे पाय लटपटले!

"बांध रद्द! वाळूतल्या वाड्या या गावाला कायमच्या इनाम! आणि प्रधानजी, यापुढे वाटेत कुणाच्या कोंबडीला हात लावलात तर याद राखा!"

"आता शब्द फिरवायचा नाही हं, महाराज," ठकू म्हणाली, "गोदा सांगायला निघालीसुद्धा!"