नाकाला सांगितलं

शीतगृहाचे मॅनेजर धनवटे माणूस समोर बोलत असला तरी मोबाइलमधून डोकं वर काढत नसत. "हो हो, करा" एवढंच म्हणत. मशीनरूममधला, थंडावा करणाऱ्या अमोनिया वायूचा पाइप गळतोय, हे मशीन ऑपरेटर कुसुमताई भोईटे त्यांना तीनदा सांगून आल्या. चौथ्यांदा म्हणाल्या, "साहेब, उद्यापासून तुमचं टेबल त्या पाइपशेजारी मांडू का?"

"हो हो, मांडा."

सकाळी रिकामी केबिन पाहून धनवटे हबकले. तणतणत मशीनरूममध्ये शिरले, तर टेबल त्या पाइपशेजारी मांडलेलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, श्वास कोंडला.

"हा वास कसला?"

"तीनदा सांगितलं त्या गळतीचाच, साहेब. तुमचे कान ऐकेनात, म्हणून नाकाला सांगितलं."

धनवटे पांढरेफटक पडले. बारा माणसं रोज इथे राबत होती. त्यांनी तत्काळ मशीन बंद करवलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "कुसुमताई, आणखी काय काय सांगितलं होतंत?"