गुरुजींचं वाचन आणि एकाच टेबलावरच्या दोन प्रती

घाटाखाली एक लहानसं गाव होतं. तिथे ऋजुता नावाची एक बाई राहत होती. ती संगणकाचे प्रोग्राम लिहायची आणि तिच्या कामाचा तिला फार अभिमान होता.

त्याच गावात एक म्हातारे गुरुजी होते. गावच्या ग्रंथालयातल्या जुन्या पेट्यांमध्ये मोडी लिपीतली शेकडो पत्रं पडून होती. गावच्या जुन्या कारकुनांनी घाईत शब्द तोडून लिहायची आपली वेगळीच रीत पाडली होती. ती रीत ओळखणारे आता एकटे गुरुजीच उरले होते.

ऋजुताने ठरवलं, ही पत्रं वाचणारा प्रोग्राम तयार करायचा. तीन वर्षं रोज दुपारी गुरुजी ग्रंथालयातल्या तिच्या संगणकाच्या खोलीत येत, पत्र डोळ्यांजवळ धरत आणि सांगत, “हा शब्द अर्धाच लिहिलाय बघ. पुढचा भाग वाचणाऱ्याने समजून घ्यायचा.” ऋजुता ते कोडमध्ये लिहून ठेवी. असे हजारावर नियम जमले.

एकदा गुरुजींनी विचारलं, “याची आणखी एक प्रत आहे ना गं?”

“आहे की! ही डबी बघा,” संगणकाला वायरने जोडलेल्या डिस्ककडे बोट दाखवत ती म्हणाली. “रोज आपोआप प्रत होते.”

“पण दोन्ही एकाच टेबलावर? एक माझ्या घरी ठेवू. एक तुझ्या मावशीकडे, शहरात.”

“आणि कुणी उचलून स्वतःच्या नावावर खपवली तर? त्यापेक्षा काम पुरं होऊ दे गुरुजी, मग ठेवू.” याच भीतीने तिने इंटरनेटवरही काही ठेवलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली; डाव्या हाताने अक्षर उमटेना. ऋजुता खूप रडली. मग तिने स्वतःची समजूत घातली, ‘त्यांनी शिकवलेलं सगळं आपल्याजवळ आहे.’ तरीही प्रत दुसरीकडे ठेवायचं ती आज-उद्यावर ढकलत राहिली.

वैशाखात एका दुपारी ग्रंथालयावर वीज पडली. माणसं वाचली, पत्रांच्या पेट्याही ओढून बाहेर काढल्या. पण ती खोली जळाली. संगणक वितळला आणि शेजारची डिस्कही.

चार दिवसांनी ऋजुता एक पत्र घेऊन गुरुजींकडे गेली. ते खाटेवर टेकून बसले होते.

“गुरुजी, सगळं गेलं. तुमचं ऐकायला हवं होतं मी.”

गुरुजींनी डाव्या हाताने पत्र जवळ ओढलं. त्यांचे डोळे ओळीवरून सरकू लागले. त्यांना सगळं वाचता येत होतं, ओठही हलत होते, पण आवाज फुटेना. त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. शेवटी पत्र खाली ठेवून ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. चुकलेली ती होती आणि धीर ते देत होते. त्याचीच तिला सर्वांत जास्त लाज वाटली.

ऋजुताने काम पुन्हा सुरू केलं. आता ती रोजच्या कोडची एक प्रत इंटरनेटवर ठेवते, दुसरी मावशीकडे पाठवते, आणि दर महिन्याला प्रत्येक प्रत उघडून नीट चालते का ते पाहते. प्रोग्राम तिने परत लिहिला. पण जे नियम तिला आठवले नाहीत, ते सांगू शकेल असं आता कुणी नव्हतं.

गावातली माणसं आजही कागद घेऊन येतात. “पणजोबांनी काय लिहिलंय हो?” असं विचारतात. प्रोग्राम निम्मे शब्द वाचतो आणि बाकीच्या जागा कोऱ्या सोडतो. ऋजुता तो कागद हळूच घडी करून परत देते.

तात्पर्य इतकंच: शेजारी ठेवलेली प्रत मूळ प्रतीबरोबरच जाते. जे पुन्हा मिळणार नाही, ते आजच चार ठिकाणी ठेवावं.