बानूबीचे कपाळ

फकीर शाह मुकीमबाबांनी हिरडपुऱ्यात मुक्काम केला, तो कागद करणाऱ्यांच्या वस्तीत. ताग आणि चिंध्या चुन्यात कुजवायच्या, कुटून लगदा करायचा, त्याचे ताव काढायचे, हे तिथल्या घराघरातले काम. बाबा चिंध्या निवडायला बसत आणि लोक त्यांच्याभोवती जमत.

किल्लेदार दिलदारखानाने नवाच रिवाज काढला होता. कागदाचा गठ्ठा आणणाऱ्याने आधी त्याच्या उंबऱ्यावर कपाळ टेकायचे. सारे टेकत. विधवा बानूबीने मात्र गठ्ठा ठेवला, उभ्यानेच सलाम केला आणि ती परत आली.

दुसऱ्या सकाळी खान थेट तिच्या चुन्याच्या हौदाशी आला.

"काय गं, मान आखडली का तुझी?"

"मान ठीक आहे, खानसाहेब. कपाळ तेवढं दुसऱ्याचं आहे."

शिपाई हसले. "कुजवते चिंध्या, आणि ऐट बेगमेची!"

खान शेजारीच चिंध्या निवडत बसलेल्या बाबांकडे वळला. "हे तुम्ही शिकवलंत?"

बाबा म्हणाले, "मी नाही, कलम्याने. ला इलाह इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह. अल्लाहशिवाय उपास्य कोणी नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत. तूही रोज म्हणतोस. त्याचा पहिला शब्दच 'ला', म्हणजे 'नाही' आहे, खाना! आधी खोट्या धन्यांना नकार, मग खऱ्याला होकार. या बाईने पहिला शब्द गाळला नाही, इतकंच."

खानाने हौदात कळीचा चुना ओतवला. पाणी रटरटू लागले.

"उंबऱ्यावर डोकं, नाहीतर यात उजवा हात. बोल!"

त्याच हातावर तिचे पोट होते. बाबा हळूच म्हणाले, "मुली, जुलमापुढे वाकलीस तरी अल्लाह मन जाणतो."

"ठाऊक आहे, बाबा. पण मग उद्या हा सगळ्यांनाच हौद दाखवील."

तिने मोठ्याने कलमा म्हटला आणि कोपरापर्यंत हात घातला. वाफ उसळली. बायकांनी डोळे मिटले. बानूबीने हात बाहेर काढला, स्वच्छ पाण्याने धुतला. कातडीवर एक फोड नाही! काय ती अल्लाहची कुदरत!

"चुना मेलेला असणार!" खान ओरडला आणि त्याने स्वतःचे बोट बुडवले. क्षणात किंकाळी फोडून त्याने ते मागे घेतले. बोट टरारून फुगले होते. ते पाण्याखाली धरून धुतले, तेही बानूबीनेच.

खान बाबांच्या पायांवर कोसळणार, तोच बाबा झटकन मागे सरले.

"इथे नाही, खाना! अजून पहिलाच शब्द कळला नाही का?"

तेव्हा खान पश्चिमेला, काबेच्या दिशेला वळला आणि सगळ्या शिपायांदेखत त्याने त्या चिंध्यांच्या चिखलात कपाळ टेकवले.