मथीच्या वाणाची कहाणी

ऐक पिठोरी आई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. वाती वळत असाल तर हात थांबवा, कहाणी अर्ध्या कानानं ऐकायची नसते.

आटपाट नगरात एक तांबटआळी होती. तिथं एक तांबट राहत होता. त्याच्या बायकोचं नाव भिवरा. तिला दोन लेकरं, थोरला दौलत, धाकटी मथी. दौलत भारी बोलघेवडा, भिवरेचा त्याच्यावर फार जीव. एका पावसाळ्यात त्याला ताप भरला. वैद्य झाला, अंगारा झाला, नवस झाला. गुण काही आला नाही. आठ वर्षांचं पोर, हां हां म्हणता गेलं. भिवरेनं टाहो फोडला. मग रडं सरलं आणि ती दगडासारखी बसून राहिली.

मग श्रावणाची अवस आली, पिठोरीचा दिवस आला. त्या दिवशी आई काय करते? खीरपुरीचं वाण घेते, लेकरांकडे पाठ करते, वाण खांद्यावरून मागं धरते आणि विचारते, “अतीत कोण?” म्हणजे पाहुणा कोण आला? मागून लेकरू म्हणतं “मी”, आपलं नाव सांगतं आणि वाण घेतं. भिवरेनंही वाण मागं धरलं. “अतीत कोण?” म्हणाली. मागून मथी म्हणाली, “मी, मथी.” भिवरा म्हणाली, “तू नव्हेस.” वाण तिनं दौलतच्या रिकाम्या पाटासमोर ठेवलं. खीर तिथंच आंबली. मथी कोरडी पुरी खाऊन निजली.

मग दुसरी पिठोरी आली. मथीनं विचार केला, आईला दादाच हवा, तर आपणच दादा व्हावं. तिनं दादाचा सदरा घातला, आवाज जाड केला. “अतीत कोण?” “मी, दौलत.” भिवरेच्या अंगावर सर्रकन काटा आला. गर्रकन वळून बघते, तर मथी. तिनं काडकन पोरीच्या मुस्काटात दिली. “गेलेल्या भावाची थट्टा करतेस?” म्हणाली. आता काय म्हणावं या बाईला? पोरीनं थट्टा नव्हती केली. तिला आईच्या तोंडावर एकदा हसू बघायचं होतं.

त्या दिवसापासून मथी बोलेनाशी झाली. हाक मारली की यायची, काम सांगितलं की करायची, तोंडातून शब्द नाही. शेजारीण म्हणाली, “भिवरे, पोर मुकी झाली गं.” भिवरा म्हणाली, “गुणाची आहे, बडबड करीत नाही.”

मग तिसरी पिठोरी आली. “अतीत कोण?” उत्तर नाही. पुन्हा विचारलं, उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारलं, हात भरून आले, तरी उत्तर नाही. तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. “बये, कुणाला विचारतेस?”

“माझ्या लेकाला.”

“तो कुठं आहे?”

“देवाघरी.”

“मग ही मागं उभी कोण?”

“ही होय? ही आहेच की.”

म्हातारी म्हणाली, “आहेच की म्हणतेस, पण बघितलंस का कधी तिच्याकडे? वाळून काटकी झाली. रोज मनातल्या मनात मला म्हणते, मला दादाकडे ने, तो तरी माझ्याशी बोलेल. आज न्यायला आले आहे. नेऊ?”

भिवरा धावली. तिनं मथीला घट्ट धरलं आणि म्हातारीचे पाय धरले. “नको आई, एवढी ठेव. मी आंधळी झाले होते.” म्हातारीला दया आली. म्हणाली, “मग वसा घे. गेलेल्याचं नाव रोज घ्यावं, आहे त्याला जवळ घेऊन घ्यावं. पहिलं वाण जित्या लेकराला द्यावं, आणि गेलेल्याचा घास त्याच्या हातानं ठेववावा. उतू नको, मातू नको, विसरू नको.” एवढं बोलून ती अंगणात उतरली आणि दिसेनाशी झाली. ती कोण होती, ते का सांगायला हवं?

भिवरेनं वसा घेतला. मथीची वेणी घालताना दौलतच्या गोष्टी सांगायची, सांगता सांगता रडायची. मथी ऐकायची, आईचे डोळे पुसायची, पण बोलायची नाही. रुसलेलं पोर एका दिवसात मनवता येतं का हो?

मग चौथी पिठोरी आली. भिवरेनं वाण मागं धरलं. “अतीत कोण?” मग ती हळूच म्हणाली, “मथे, मी तुलाच विचारते आहे गं.” तेव्हा मागून घोगरा आवाज आला, “मी.” आणि मग, “मी, मथी.” भिवरेनं वाण तिच्या हाती दिलं, तिला पोटाशी धरलं. मथीनं एक घास बाजूला ठेवला. “हा दादाचा,” म्हणाली. दोघी मायलेकी दौलतचं नाव घेऊन पोटभर रडल्या.

दुसऱ्या कहाण्यांत गेलेली लेकरं उठून बसतात. दौलत उठला नाही, खोटं कशाला सांगू? भिवरा म्हातारी झाली, मथीची लेकरं तिच्या मांडीवर खेळली. तरी दर पिठोरीला ती म्हणायची, “माझा दौलत देवानं नेला. मथीची तीन वर्षं मात्र मीच घालवली. ती कुणाकडे मागू?”

पिठोरी आई, भिवरेला जसं मागून उत्तर दिलंस, तसं तुम्हांआम्हां सगळ्यांना दे, आणि ते वेळेत ऐकायला कान दे. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, सुफळ झाली, पुरी झाली.