डिझेलच्या टाकीचं कुलूप

"मग दोष कुणाचा म्हणायचा, उस्ताद? मशीनचा का माणसाचा?"

धनपाल मगदूम मिस्त्रीने हे दुसऱ्यांदा विचारलं. नूरमहंमद शिकलगार, ज्यांना आमच्याकडे सगळे नुसतं उस्ताद म्हणतात, बाभळीखाली पालथ्या घमेल्यावर बसले होते. त्यांनी पानाचा डबा उघडला. उस्तादांना प्रश्न विचारला आणि लगेच उत्तर मिळालं, असा माणूस निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

समोर शेततळ्याच्या अर्धवट खड्ड्यात खोदाईचं मशीन बंद पडलं होतं. पुढचं बकेट जमिनीला टेकलेलं, मागचा खोदायचा हात मात्र तसाच वर राहिलेला.

चाकाला टेकून सिदराम बसला होता. तोच ते मशीन चालवायचा. शेजारी त्याची पिशवी आणि वळकटी, दोन्ही बांधून तयार. चार वाजता धनपालने मालकांना फोन करायचा होता. दोष माणसाचा म्हटलं की सिदराम आज घरी, उद्या दुसरा ऑपरेटर.

धनपालचं मत केव्हाच ठरलं होतं. त्यावर उस्तादांची मान तेवढी हलायला हवी होती, कारण मालक धनपालचं ऐकत, पण उस्तादांचं जास्त ऐकत. आठ वर्षं तो उस्तादांच्या हाताखाली काम शिकला होता. तेवढ्या हक्काने तो त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला होता.

"होतंय काय नेमकं?" उस्तादांनी विचारलं.

"सकाळी सुरू केलं की दुपारपर्यंत झकास चालतं. मग दम सोडतं, गचके खातं आणि बंद. पाच दिवस झाले, रोज हेच."

"मग?"

"मग मी येतो. चालू होतं."

"काय करतोस?"

धनपाल खुलला. "पहिल्या दिवशी डिझेलचा फिल्टर बदलला. चालू. दुसऱ्या दिवशी पाईप बदलला. चालू. तिसऱ्या दिवशी पंप बदलला. तवाबी चालू."

"आणि काल?"

"काल काहीच न्हाई. नुसता स्टार्टर मारला, आणि चालू!"

उस्तादांचा चुना लावणारा हात थांबला.

"म्हणजे मशीनमध्ये काही न्हाईच," धनपाल म्हणाला. "ह्याचा हात वाईट हाय. रेटून घेतो मशीन."

"मी न्हाई रेटत," सिदराम खाली बघूनच बोलला. "बारा वर्षं झाली चालवतोय. बंद पडलं की मीबी स्टार्टर मारतो, पण घेतच न्हाई. मिस्त्री आले की मुकाट घेतं... माझ्यावरच का रुसतंय, मलाबी कळंना."

धनपालने दुसरीकडे पाहिलं.

"काल," उस्ताद म्हणाले, "स्टार्टर मारायच्या आधी काय केलास?"

"काही न्हाई."

"काही न्हाई म्हणजे काय काय?"

धनपालला हसू आलं. म्हातारपणी उस्तादांचं असंच व्हायला लागलंय, असं त्याला वाटलं असावं.

"काही न्हाई म्हणजे... डिझेल हाय का बघितलं. काटा मोडलाय, म्हणून टाकीत काठी घालून बघतो. ते रोजच बघतो. आधी डिझेल बघायचं, हे तुम्हीच शिकवलंय."

"आज बघितलास?"

"न्हाई अजून. तुम्हाला आणायला गेलो की."

"मग आज बघू नको. बाकी काय वाटंल ते कर."

"डिझेल न बघता?"

उस्तादांनी पान तोंडात घातलं. बोलणं संपलं.

धनपाल कामाला लागला. त्याने फिल्टर खोलला, पुसला, परत बसवला. डिझेल ओढायचा हातपंप दाबला, तर दाबलेला पंप वर येईना. त्याने पाईप फुंकून बघितला, वायरी हलवून बघितल्या. स्टार्टर मारला... इंजिन नुसतंच कण्हलं. पुन्हा मारला. सदरा पाठीला चिकटला. काल नुसत्या स्टार्टरवर चाललेलं मशीन आज काही केल्या ऐकेना.

साडेतीन वाजले.

"उस्ताद, टाकीत डिझेलच नसंल."

"सकाळी तुम्हीच भरून, कुलूप घालून गेलाय की, मिस्त्री," सिदराम म्हणाला.

"कुलूप?" उस्तादांनी मान वर केली.

"सहा दिवस झाले," धनपाल म्हणाला. "डिझेल कमी पडतंय, असं मालकांना वाटलं. म्हणून टाकीला कुलपाचं झाकण करून घेतलं. वेल्डरजवळ मी स्वतः बसून करून घेतलंय. मुंगीसुद्धा आत जायची न्हाई. किल्ली माझ्याकडंच असते."

डिझेल कमी पडतंय म्हणजे कोण काढतंय, हे कुणी बोललं नाही. सिदरामला ते न बोलताच कळत होतं.

"किल्ली दे," उस्ताद म्हणाले.

त्यांनी ती घेतली आणि सिदरामपुढे धरली. "तू काढ."

"मी?" सिदराम उठला, पण हात पुढे येईना. "मला त्याला शिवायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"काढ."

सिदरामने कुलूप काढलं, झाकण फिरवलं... आणि टाकी सूऽऽऽ करत हवा ओढायला लागली. तहानलेलं जनावर पाण्याला लागावं तशी ती ओढतच राहिली. तिघंही ऐकत उभे होते.

आवाज थांबल्यावर उस्तादांनी खूण केली. धनपालने हातपंप दाबला. चार-सहा दाब सैल गेले, मग पंप जड झाला. सिदराम वर चढला आणि त्याने स्टार्टर मारला. इंजिनाने लगेच धरलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच, बंद पडल्यावर ते त्याच्या हातानं चालू झालं होतं, आणि तो लहान पोरासारखा हसत होता.

"टाकीचा हा आवाज आजच आला?" उस्तादांनी विचारलं.

"न्हाई..." धनपाल म्हणाला. "रोज यायचा. टाकी म्हटल्यावर येणारच, म्हणून लक्ष दिलं न्हाई."

"डिझेल खाली गेलं की त्या जागी काय यायला पाहिजे?"

"हवा."

"कुठनं?"

धनपालने झाकण उलटं केलं, सुलटं केलं. जुन्या झाकणाला सुई जाईल एवढं भोक होतं. याला नव्हतं. त्याचे कान तापले. चार दिवस तो रोज येऊन हेच झाकण उघडत होता, आणि नाव फिल्टरचं, पाईपचं, पंपाचं घेत होता. शेवटी सिदरामचं.

चार वाजले. फोन त्याने स्वतःहून लावला.

"मालक, सिदरामची काही चूक न्हाई... न्हाई, मशीनचीबी न्हाई. झाकण मी करून घेतलेलं. माझी चूक."

हे बोलताना तो दोनदा अडखळला, पण बोलला. सिदरामने खाली उतरून पिशवी आणि वळकटी उचलली आणि केबिनमध्ये परत ठेवली.

धनपालने झाकणाला बारीक ड्रिल मारलं. भोक उन्हाला धरून पाहिलं. झाकण बसवलं. सिदरामने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सीटवर जाऊन बसला. धनपालला आता फार हलकं वाटत होतं. उस्ताद मोटारसायकलकडे चालू लागले, तसा तो निघता निघता केबिनपाशी थांबला आणि त्याने किल्लीसाठी सिदरामपुढे हात पसरला.

सिदरामचं हसू मावळलं. तो खिसा चाचपू लागला.

उस्ताद मागे वळले. त्यांनी तो पसरलेला हात पाहिला... बराच वेळ पाहिला.

"धनपाल, अजून एक झाकण घट्ट बसलंय."